एबलटन लाइव्ह १२ : विकतचं एकही प्लगइन न घेता मिक्स

पुण्यात इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या बऱ्याच जणांचा स्टुडिओ म्हणजे फ्लॅटमधली दुसरी बेडरूम. लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि जमलं तर पाच इंची स्पीकरची जोडी. एबलटन लाइव्ह हे संगीत रचायचं आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर घेऊन झालं की पुढच्या खर्चाची, म्हणजे प्लगइनची (त्यात जोडायच्या वेगळ्या प्रोग्रॅमची) यादी तयारच असते: वेगळा ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारा), वेगळा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), वेगळा लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर आवाज जाऊ न देणारा). हा खर्च खरंच करावा लागतो का, तेवढंच या रिव्ह्यूत तपासलं आहे. गाणी रचणं, लूप लावणं, लाइव्ह वाजवणं या बाबतीत हे सॉफ्टवेअर कसं आहे, ते इथे येणार नाही.

निकाल आधी सांगून टाकतो. स्टँडर्ड या मधल्या आवृत्तीतल्या डिव्हाइसवर, म्हणजे लाइव्हच्या स्वतःच्या इफेक्टवर, क्लबच्या साउंडवर उभा राहील असा मिक्स (सगळे ट्रॅक जुळवून केलेला एकत्र आवाज) होतो. उणिवा आहेत, त्या पुढे येतीलच. पण मिक्स बिघडतो तो बहुतेक वेळा या उणिवांमुळे नाही. याच डिव्हाइसमधली दोन-तीन बटणं नेमकं काय करतात हे माहीत नसतं, म्हणून बिघडतो.

कसोटीला मुद्दाम अवघड सामान घेतलं आहे: १२६ बीपीएमचा ट्रॅक, प्रत्येक मात्रेवर किक, सिंथची बेसलाइन, त्यावर ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग आणि मराठी गायन. किक, बेस आणि ढोल तिघंही खालच्या एकाच पट्ट्यासाठी भांडतात. इथे जे टिकेल ते साध्या हाउस किंवा टेक्नो ट्रॅकवर टिकणारच.

सॉफ्टवेअरच्या आधी खोलीचा हिशेब मांडायला हवा, कारण तो चुकला तर कुठलंही प्लगइन वाचवत नाही. दहा बाय दहाची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ३.०५ मीटर अंतर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर पहिला रूम मोड (भिंतींमध्ये घुमून फुगणारा सूर) ५६ हर्ट्झच्या आसपास येतो. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हींचा मोड तोच. साडेनऊ फुटांवरच्या छताचा मोड ५९ हर्ट्झला. म्हणजे तिन्ही दिशांचे मोड एकाच जागी साचतात, आणि ती जागा नेमकी किक आणि बेसच्या गाभ्याची. खोलीच्या मधोमध बसलात तर हा पट्टा विरतो, पाठ भिंतीला टेकवलीत तर फुगतो. ट्रॅक ए मायनरमध्ये असेल तर बेसचा खालचा ए म्हणजे बरोबर ५५ हर्ट्झ. लाइव्हच्या पियानो रोलवर तो ए० म्हणून दिसतो. तो सूर खोलीत जसा ऐकू येतो, तसा बाहेर कुठेच ऐकू येणार नाही. म्हणून १०० हर्ट्झच्या खालचे निर्णय हेडफोन आणि स्पेक्ट्रम डिव्हाइस यांच्या आधाराने घ्यावेत. स्पेक्ट्रममध्ये ब्लॉक साइझ सगळ्यात मोठा ठेवा, नाहीतर खालच्या पट्ट्यात नुसती ढोबळ टेकडी दिसते आणि किकचा सूर ४९ ला आहे की ५५ ला, हे कळत नाही.

आता लेव्हल. लाइव्हच्या आत ट्रॅक शून्याच्या वर गेला, मीटर लाल झाला, तरी आवाज फाटत नाही. फ्लोटिंग पॉइंटच्या गणितात तेवढी जागा असते. फाटतो तो शेवटी, कन्व्हर्टरला जाताना किंवा फाइल काढताना. ‘मग लेव्हल कशाला बघायची’ असं मात्र म्हणू नका, कारण सॅच्युरेटर (आवाजाला किंचित खडबडीत करणारा), ग्लू कॉम्प्रेसर, ड्रम बस हे सगळे आत येणाऱ्या लेव्हलप्रमाणे वागतात. प्रत्येक ट्रॅकवर सर्वांत आधी युटिलिटी लावायची आणि किकचं पीक उणे १० डेसिबलच्या आसपास आणायचं, बाकीचं सगळं तिच्या मानाने. मास्टरवर उणे ६ च्या जवळ पीक आलं की पुरे. फेडर शून्याजवळ राहतात आणि ऑटोमेशनला हात मोकळा राहतो. युटिलिटी दिसायला किरकोळ असली तरी या संचातलं सर्वांत उपयोगी डिव्हाइस तेच: गेन (आवाजाची पातळी), फेज (लहरीच्या चढ-उताराची स्थिती) उलटवणं, मोनो, विड्थ (स्टिरिओचा पसारा) आणि बेस मोनो (फक्त खालचा पट्टा मोनो), सगळं एका ठिकाणी. बेस मोनो १२० हर्ट्झला लावून बेस ग्रुपवर ठेवून द्या. उघड्यावरच्या साउंडवर अनेकदा दोन्ही बाजूंना एकच सिग्नल जातो. स्टिरिओत पसरलेला बेस तिथे स्वतःलाच खोडून टाकतो.

ढोलाचं रेकॉर्डिंग हा खरा गुंता. गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचे सराव चालतात, तिथलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा मोबाइलवर आणि लांबून केलेलं असतं. तीस फुटांवरून आवाज यायला सुमारे २७ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ग्रिडवर ठेवलेला ढोल किकच्या मागे ओढल्यासारखा वाटतो. पहिलं काम वॉर्पचं, म्हणजे रेकॉर्डिंग ताणून-आवळून लयीत बसवण्याचं. लाइव्ह लांब क्लिपला आपणहून कधी कधी कॉम्प्लेक्स मोड लावतं. ढोल-ताशाला तो मारक आहे, ताशाच्या काठीची धार त्यात विरघळते. बीट्स मोड घ्या, प्रिझर्व्हमध्ये ट्रान्झिएंट्स (घावाचा पहिला क्षण) निवडा आणि एन्व्हलप १०० वर ठेवा. पथकाची लय चढत जाते, ती सगळी सपाट करू नका. दर दोन किंवा चार आवर्तनांच्या समेवर एकेक वॉर्प मार्कर रोवला की किकबरोबर पकड बसते आणि आतली झेप शिल्लक राहते. प्रत्येक घावाला मार्कर लावला तर ढोल यंत्रातून आल्यासारखा वाजतो.

त्यानंतर फेज. किक आणि ढोलाची थाप एकाच क्षणी पडली आणि दोघांतही ६० हर्ट्झ असेल, तर त्या लहरीचं एक आवर्तन १६.७ मिलिसेकंदांचं असतं. ढोल ८ मिलिसेकंद मागेपुढे झाला की लहरी जवळजवळ उलट्या होतात आणि दोन मोठे आवाज मिळून एक लहान आवाज तयार होतो. लोक इथे ईक्यूवर बेस वाढवतात आणि काहीच होत नाही. युटिलिटीतून ढोलाचा फेज उलटा करून ऐका. फरक पडला तर मिक्सरमधला ट्रॅक डिले उघडा आणि ढोल एकेक मिलिसेकंद सरकवत सर्वांत भरीव जागा शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय पुढचा एकही नॉब फिरवू नये.

ईक्यू एट आठ बँडचा, स्वच्छ आणि हलका. कटच्या (ठरावीक जागेपलीकडचा आवाज उतरवणाऱ्या) बँडला १२ आणि ४८ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह असे दोनच उतार मिळतात, अधला २४ नाही. तो हवा असेल तर १२ चे दोन बँड एकावर एक लावायचे. ४८ चा उतार बघायला सुबक दिसतो, पण किकवर ३० हर्ट्झला लावला तर फेज इतका वळतो की किकचा पहिला ठोसा मऊ होतो आणि पीक उलट वाढूही शकतं. किकवर १२ चा उतार पुरतो. ढोलासाठी आधी ठरवायचं की खालच्या पट्ट्याचा मालक कोण. किक मालक असेल तर ढोल ८० ते ९० हर्ट्झच्या खाली १२ च्या उताराने सोडून द्या आणि त्याचा देह १५० ते २५० मध्ये शोधा. टिपरूची (ढोलाच्या काठीची) टक्क ऐकू यायला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये दीड-दोन डेसिबल खूप झाले. ढोलाला मालक करायचं असेल तर किक आखूड आणि टणक निवडा, तिचा ५० हर्ट्झचा शेपटा ठेवू नका. दोघांनाही खाली पूर्ण जागा दिली तर मिक्स चिखल होतो आणि लिमिटरला त्याचं काहीही करता येत नाही. ईक्यू एटमधलं हेडफोनचं बटण दाबून बँड ओढला की तेवढाच पट्टा ऐकू येतो. खोलीचा घुमारा शोधायला याहून जलद उपाय नाही. ३०० ते ५०० च्या मध्ये कुठेतरी तो सापडतोच.

ड्रम बस ढोलासाठीच केल्यासारखा आहे, फक्त त्याचा ट्रान्झिएंट्स नॉब नीट समजून घ्यायला हवा. अनेकांची समजूत अशी की अधिककडे नेला तर घाव वाढतो आणि उणेकडे नेला तर बोथट होतो. तसं नाही. दोन्हीकडे घाव वाढतोच. अधिककडे त्याबरोबर गुंजही वाढते, उणेकडे गुंज कमी होते. लांबून रेकॉर्ड केलेल्या ढोलाला हवा असतो तो नेमका उणेचाच भाग: उणे ०.३० ते उणे ०.५० वर घाव पुढे येतो आणि मैदानाचा घुमारा मागे हटतो. हा नॉब १०० हर्ट्झच्या वरच्या भागावर काम करतो, म्हणून खालचा शेपटा आखूड करायला वेगळा गेट (हळू आवाज आणखी खाली नेणारा) लावावा लागतो. गेटचा फ्लोअर (बंद असताना आवाज किती खाली जातो ते) तळापर्यंत नेऊ नका, उणे १२ वर थांबवा. होल्ड (उघडा राहायचा वेळ) ४० आणि रिलीज (बंद व्हायचा वेळ) ८० मिलिसेकंद. आवाज कापल्यासारखा न वाटता आवरलेला वाटतो. बूम नॉबला या ट्रॅकवर हात लावू नये. किक आणि बेस असताना तिसरा गुंजणारा सूर कशाला?

साइडचेन, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजाने दुसरा दाबणं, लाइव्हमध्ये सोपं आहे आणि नीट चालतं. बेसवर कॉम्प्रेसर, साइडचेनला किकचा ट्रॅक, आणि टॅप पॉइंट ‘प्री एफएक्स’. ‘पोस्ट एफएक्स’ ठेवलं तर किकचा ईक्यू बदलताना बेसचं दबणंही बदलतं आणि कशामुळे काय झालं ते कळेनासं होतं. रेशो (दाबाचं प्रमाण) ४, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १ ते ३ मिलिसेकंद, लुकअहेड (येणारा आवाज आधीच ओळखायचा वेळ) १. अटॅक ०.१ पर्यंत खाली आणला तर बेसच्या लहरीचाच आकार तुटतो आणि प्रत्येक किकवर बारीक टिकटिक येते. १२६ बीपीएमला एक मात्रा ४७६ मिलिसेकंदांची, म्हणजे अर्धी मात्रा २३८. बेस अर्ध्या मात्रेवर येत असेल तर तोवर कॉम्प्रेसर पूर्ण मोकळा झालेला हवा. १२० ते १५० मिलिसेकंदांचा रिलीज (दाब सुटायचा वेळ) तिथे बसतो. थ्रेशोल्ड (दाब सुरू होण्याची पातळी) असा लावा की ६ ते ८ डेसिबल दबेल. ब्रेकडाउनमध्ये किक थांबते आणि बेसचा श्वासही थांबतो, ते नको असेल तर एक वेगळा ट्रॅक करून त्यावर रिमशॉटसारखा आखूड आवाज दर मात्रेवर ठेवा, त्याचं आउटपुट ‘सेंड्स ओन्ली’ करा आणि साइडचेन त्यावरून घ्या. ऐकू काही येत नाही, पण बेस दबत राहतो.

ग्लू कॉम्प्रेसर हे या संचातलं सर्वांत चांगलं डिव्हाइस. सायटॉमिक या प्लगइन कंपनीबरोबर केलेलं आहे आणि ऐंशीच्या दशकातल्या प्रसिद्ध मिक्सिंग कन्सोलच्या बस (अनेक ट्रॅकचा एकत्र सिग्नल) कॉम्प्रेसरवर बेतलेलं आहे. ड्रम ग्रुपवर रेशो २, अटॅक १० किंवा ३०, रिलीज ऑटो, आणि काटा जास्तीत जास्त २ डेसिबल हलेल इतका थ्रेशोल्ड. ताशा असेल तर अटॅक ३० च घ्या. १ किंवा ३ वर काठीचा घावच गिळला जातो आणि मागचा चरचराट तेवढा उरतो. किकच्या प्रत्येक ठोक्यावर अख्खा ग्रुप हिंदकळत असेल तर साइडचेनचा भाग उघडून त्यातल्या ईक्यूने १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. मग कॉम्प्रेसर किकचं ऐकणं सोडतो. सॉफ्ट बटण उणे अर्ध्या डेसिबलवर शिखरं छाटतं. हा पारदर्शक लिमिटर नव्हे, त्याला स्वतःचा रंग आहे. आणि ओव्हरसँपलिंग चालू असेल तर मोठी शिखरं या मर्यादेच्या वर निसटू शकतात, त्यामुळे सॉफ्टच्या भरवशावर मास्टर सोडू नये. मेकअप (दाबल्यावर परत वाढवायची पातळी) देताना सावध राहा. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, म्हणून डिव्हाइस बंद-चालू करून दोन्हीकडची लेव्हल सारखी होईल इतकाच मेकअप द्या आणि मग ठरवा.

छोट्या स्पीकरवर, मोबाइलवर बेस ऐकू यावा म्हणून सॅच्युरेटर पुरतो. ५५ हर्ट्झचा मूळ सूर मोबाइलमधून येणं शक्य नाही; ११०, १६५, २२० चे हार्मोनिक्स आले की कान मूळ सूर आपणहून भरून काढतो. ॲनालॉग क्लिप, ड्राइव्ह ५ ते ७ डेसिबल, आणि आउटपुट साधारण तितकंच खाली. स्वीट या सर्वांत मोठ्या आवृत्तीतला रोअर याहून कितीतरी पुढे जातो. त्याच्या मल्टिबँड मांडणीत बेसचा खालचा भाग स्वच्छ ठेवून फक्त मधला भाग खडबडीत करता येतो. फीडबॅक मात्र जपून वाढवा, हेडफोन कानाला असताना तर फारच.

रिव्हर्बबद्दल थोडक्यात: रिटर्न ट्रॅकवर ठेवा, ड्राय-वेट १००, प्री-डिले ३० मिलिसेकंद, पुढे ईक्यू एटने २५० च्या खाली काट, आणि त्यामागे गायनावरून साइडचेन केलेला कॉम्प्रेसर. स्टँडर्डमधला साधा रिव्हर्ब लांब शेपटीवर थोडा धातूसारखा वाजतो. स्वीटमधला हायब्रिड रिव्हर्ब तिथे उघड सरस आहे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: ईक्यू एट डायनॅमिक नाही. गायकाचा ‘स’, ‘श’ किंवा ‘चांदणं’मधला ‘च’ तेवढ्यापुरता दाबायचा असेल तर मल्टिबँड डायनॅमिक्सकडे वळावं लागतं: वरचा क्रॉसओव्हर (दोन पट्ट्यांमधली सीमा) ५ ते ६ किलोहर्ट्झला, खालचे दोन्ही बँड जसेच्या तसे, वरच्या बँडला ३ च्या आसपास रेशो. काम होतं, पण क्रॉसओव्हरमुळे फेज वळतो, बँड काहीच करत नसले तरी. म्हणूनच हे डिव्हाइस रॅकमध्ये समांतर चेनला टाकून मूळ आवाजात मिसळू नका, मधल्या पट्ट्यात खड्डे पडतात. ओटीटी हा त्याचा जोरदार कॉम्प्रेशनचा प्रीसेट सौम्य करायचा असेल तर त्याचाच अमाउंट नॉब खाली आणा. तो कॉम्प्रेशनची मात्रा कमी करतो, दोन आवाजांची भेसळ करत नाही. सिंथवर २० ते ३० टक्के पुरे. ढोलावर ओटीटी लावलात तर मैदानातली सगळी कुजबुज वर येईल.

दुसरी उणीव: लाउडनेस मीटर नाही. मिक्स किती एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) बसला ते लाइव्ह सांगत नाही. युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती मास्टरवर शेवटी लावा, प्रश्न मिटला. फुकट असूनही बाहेरून आणावंच लागतं असं हे एकमेव प्लगइन. तिसरी उणीव, लिनिअर फेज (फेज न वळवणारा) ईक्यू नाही. इलेक्ट्रॉनिक मिक्समध्ये तो क्वचितच लागतो, आणि किकवर लावला तर ठोक्याच्या आधीच एक पुसट सावली ऐकू येते. तो नाही याचं वाईट वाटून घेऊ नये.

लिमिटर आधी फारच साधा होता. १२.१ च्या अपडेटमध्ये त्याला ट्रू पीक (नमुन्यांच्या मधली शिखरंही पकडणं), सॉफ्ट क्लिप आणि मिड-साइड मिळालं आणि तो उपयोगाचा झाला. जुनं १२.० वापरत असाल तर एवढ्यासाठी तरी अपडेट करा. सीलिंग उणे १, मोड ट्रू पीक, गेन इतकाच की सर्वांत भरलेल्या भागात २ ते ३ डेसिबल दाब पडेल. लुकअहेड १.५ वर ठेवला तर बेस चरचरतो, ६ वर शांत राहतो पण घाव थोडा मऊ होतो. ढोलाच्या ट्रॅकला ३ बरा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला आवाज आणून ठेवतं, म्हणजे उणे ६ पर्यंत चेपलेला मास्टर तिथे खालीच ओढला जाणार, आणि चेपताना गेलेला ताशाचा घाव परत मिळणार नाही. उणे ९ च्या आसपास थांबलेला ट्रॅक क्लबमध्येही पुरेसा मोठा वाजतो.

आवृत्ती कोणती घ्यावी? ऑडिओ इंटरफेसबरोबर अनेकदा लाइट मिळते. आठ ट्रॅकमध्ये शिकणं होतं, असा मिक्स होत नाही. इंट्रो १६ ट्रॅकला थांबते आणि वर सांगितलेली निम्मी डिव्हाइस तिच्यात नाहीत, त्यामुळे मिक्सिंगसाठी तिच्यावर पैसे घालू नयेत. स्टँडर्ड हीच योग्य खरेदी. स्वीटचे जादा पैसे रोअर, हायब्रिड रिव्हर्ब आणि मॅक्स फॉर लाइव्ह (स्वतःची डिव्हाइस बनवायचं साधन) सतत लागणार असतील तरच द्या. नुसता मिक्स स्वच्छ करायचा असेल तर देऊ नका. विद्यार्थ्यांना किमतीत सूट आहे, कॉलेजचं ओळखपत्र हाताशी ठेवा. एका लायसन्सवर दोन संगणक चालतात. स्वीटची चाचणी आवृत्ती ३० दिवस मोफत मिळते आणि तिच्यात फाइल सेव्ह आणि एक्सपोर्टही होते, तेव्हा पैसे भरण्याआधी स्वतःचाच अर्धवट पडलेला एखादा ट्रॅक तिच्यात पुरा मिक्स करून बघा. एक्सपोर्ट करताना नॉर्मलाइझ बंद, २४ बिट आणि डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक आवाज) नाही. १६ बिटची फाइल द्यायची असेल तरच डिदर लावा, आणि तेही सर्वांत शेवटी एकदाच.